खापर फोडायची फळी

घरी चार माणसं गप्पांना बोलवायची, पण स्वयंपाक मात्र करायचा नाही, या पेचावर अमेरिकेने गेल्या काही वर्षांत एक तोडगा घरोघरी पोचवला आहे. एक ऐसपैस लाकडी फळी घ्यायची. तिच्यावर दोन-तीन तऱ्हांचं चीज, दोन-तीन तऱ्हांचं खारवून वाळवलेलं मांस, मधल्या फटींत द्राक्षं, ऑलिव्ह, बदाम आणि अंजिराचा जॅम, कडेकडेने क्रॅकर आणि पावाच्या चकत्या मांडायच्या. फळी टेबलाच्या मधोमध ठेवायची, ‘विशेष काही केलं नाहीये हं’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. याला तिकडे शार्कुटरी बोर्ड म्हणतात. ही फळी यजमानाचे कष्ट वाचवते असा सार्वत्रिक समज आहे. चूल पेटत नाही, भांडी पडत नाहीत, यजमानाला गप्पांत बसता येतं, हे तिच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. मला हे मुळातच पटत नाही. कष्ट होते तेवढेच राहतात. वाचतो तो दोष. लोकांना खाऊ घालावं, पण ते कसं झालं आहे याचा जाब आपल्याला कोणी विचारू नये, ही यजमान जमातीची फार जुनी इच्छा आहे, आणि ती इतक्या सफाईने पुरी करणारी दुसरी वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही.

आधी कष्टांचं बघू. या फळीचा ‘तीन-तीन-तीन-तीन’ असा एक नियम सांगतात: तीन चीज, तीन मांस, तीन पिठाचे पदार्थ आणि तीन तोंडीलावणी. झाले बारा जिन्नस, आणि ते एका दुकानात कधीच मिळत नाहीत. मरिसा मलन या लेखिकेने तर आकड्यांच्या क्रमाने फळी रचण्याची पद्धत बसवली आणि २०२० मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. आधी चीज, मग मांस, मग फळं-भाज्या, मग कुरकुरीत काहीतरी, मग बुडवून खायचं काहीतरी, शेवटी सजावटीची पानंफुलं. यातला मांसाचा टप्पा म्हणजे सलामीच्या चकत्या दुमडून, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणं घेत नेलेली ‘सलामीची नदी’. ज्यांना नदी पुरत नाही ते गुलाब करतात. वाइनच्या ग्लासच्या काठावर सलामीच्या चकत्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा एकीवर एक बसवत जायच्या, पाकळ्यांचे थर पुरेसे झाले की ग्लास उपडा करायचा आणि श्वास रोखून उचलायचा. दहातले चार गुलाब तिथेच मोडतात. प्रोशुट्टो या खारवलेल्या मांसाच्या चकत्या इतक्या पातळ की कागदापासून सोडवतानाच त्यांच्या चिंध्या होतात. मग त्या चिंध्यांनाच ‘झुळझुळीत’ रचना म्हणायचं. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावा, मऊ चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, कडक चीजचे चौकोन नको, ओबडधोबड तुकडेच करा, कारण चौकोनी तुकडे प्रयत्नपूर्वक केल्यासारखे दिसतात. एवढ्या वेळात कुकरच्या शिट्ट्या होऊन वरणाला फोडणी बसली असती. तेव्हा ज्याला खरोखर कष्ट टाळायचे आहेत तो माणूस या वाटेला जाणारच नाही.

मग इतका खटाटोप कशासाठी? शिजवलेल्या पदार्थाला कर्ता असतो, इथून सुरुवात करावी लागते. आमटी कोणी केली हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे तिच्या मिठाचा हिशोब एकाच माणसाच्या नावावर चढतो. त्यातून मराठी पाहुणा तोंडावर वाईट बोलत नाही. तो ‘छान झालीय’ म्हणतो, एक घास घेतो आणि सहज विचारतो, ‘तुम्ही गूळ घालत नाही का?’ या प्रश्नाला जगात उत्तर नाही. आता फळीवरचा प्रोशुट्टो खारट लागला तर दाद कोणाकडे मागणार? इटलीत पार्माच्या आसपासच्या टेकड्यांत डुकराच्या मागच्या मांडीला निव्वळ मीठ लावून ती वर्षाहून जास्त काळ मुरवतात. मग तपासनीस घोड्याच्या हाडाची सुई तिच्यात ठिकठिकाणी खुपसून हुंगतो. ते हाड सच्छिद्र असल्यामुळे वास चटकन धरतं आणि चटकन सोडतं. नाकाने पास केलेल्या मांडीवर पाच टोकांचा राजमुकुट डागतात. पार्मेजानो रेज्यानो चीजचं साधारण ४० किलोचं चाक बारा महिन्यांचं झालं की जाणकार त्यावर छोटी हातोडी ठोकून कान लावतो, आत भेग-पोकळी आहे का ते आवाजावरून ओळखतो, आणि नापास चाकाच्या सालीवरच्या नावाच्या खुणा पुसून टाकल्या जातात. क्रेडेम नावाची इटालियन बँक तर ही चाकं तारण ठेवून घेऊन कर्ज देते. ज्या वस्तूवर बँक पैसे सोडते तिच्यासमोर कोणी नाक मुरडलंच, तर खोट नाकात आहे असं ठरतं. रोकफोर चीजचं तेच. त्याला निळी बुरशी आहे आणि गोठ्याचा वास आहे, कारण त्यासाठीच ते दक्षिण फ्रान्समधल्या कोंबालू डोंगराच्या गुहांत ठेवलेलं होतं, आणि त्याच्या नावाला १९२५ पासून फ्रेंच कायद्याचं संरक्षण आहे. हीच निळाई घरच्या पावावर आली असती तर यजमानाने तो पाव कोणी बघायच्या आत कचऱ्यात टाकला असता. फळीवर ती मुद्दाम पुढे ठेवतात.

तरीही एक धोका उरतो. प्रत्येक जिन्नस निर्दोष असला तरी चव जोडणीत असते, आणि जोडणी यजमानाने केली तर तो पुन्हा अडकला. फळीची खरी कारागिरी इथे आहे. ती शेवटची पायरी पाहुण्याकडे सोपवते. रोकफोरवर मधाचा थेंब, ब्री चीजला अंजिराची सोबत, चरबीदार सलामीला आंबट काकडीचा उतारा, हे सगळं पाहुण्याने जुळवायचं. त्याने सलामीवर मध आणि द्राक्षावर मोहरीची चटणी घेतली, तर तोंड वाकडं करण्याचा हक्क त्याने आपल्या हाताने घालवलेला असतो. त्याची अवस्था बघण्यासारखी होते. पहिली पाच मिनिटं फळीला कोणी हात लावत नाही, कारण गुलाब कोणी मोडायचा हा प्रश्न असतो. फळीची सगळे मिळून स्तुती करतात, फोटो काढतात आणि दोन बदाम उचलतात. मग कोणी धीर करून ब्रीच्या त्रिकोणाचं मऊ टोक कापून घेतो. फ्रेंच शिष्टाचारात हे मोठं पाप आहे, कारण टोकाचा भाग सर्वांत मऊ आणि मुरलेला. म्हणून टोकापासून सालीपर्यंत लांबट काप घ्यायचा, म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. एका हातात ग्लास असतो, दुसऱ्या हातात सुरी, आणि क्रॅकर धरायला तिसरा हात नसतो. कडक चीजला सुरी लावली की सगळी फळी टेबलावरून प्रवासाला निघते आणि तिच्याबरोबर ऑलिव्ह गडगडत जातात. कोणीही तक्रार करत नाही. कोणाविरुद्ध करणार?

आग्रहाचीही यात सोय उरत नाही, आणि मराठी डोळ्याला ही उणीव सगळ्यात आधी खुपते. पुरणपोळीवर तूप वाढताना पाहुण्याने हात आडवा केला तरी बोटांवरून धार सोडता येते. ब्रीचा तुकडा पाहुण्याच्या पानात टाकायला पानच नाही. कोणी किती खाल्लं याची नोंद होत नाही, त्यामुळे कोणी उपाशी राहिलं हेही कळत नाही. माणशी साधारण ५०-६० ग्रॅम चीज आणि तितकंच मांस धरावं, तेच जेवण असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट, असा अंदाज जाणकार देतात. पण आजची फळी जेवण आहे की जेवणाआधीची पोटपूजा, हे आमंत्रण देताना कधीच सांगितलेलं नसतं. नऊ वाजेपर्यंत पाहुणे ‘आता पुढचं येईल’ या आशेवर हात राखून खातात. नऊनंतर त्यांच्या लक्षात येतं की पुढचं हेच होतं. ते हसतमुखाने निरोप घेतात आणि घरी जाऊन फ्रिज उघडतात. यजमानाला याचा पत्ता लागत नाही, त्यामुळे त्याला शांत झोप लागते.

यावर इतिहासाची माहिती असलेले लोक म्हणतील की हा प्रकार शेकडो वर्षांचा आहे, त्यात आजच्या यजमानाची लबाडी कशाला शोधता? बव्हेरियात ब्रोटझाइट आहे, ऑस्ट्रियात ब्रेटलयाउझ आहे. दोन्हींत लाकडी फळीवर थंड मांस, चीज, पाव, मुळा, लोणच्याची काकडी असंच असतं. फ्रान्समध्ये डुकराचं मांस शिजवून, खारवून विकणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा तर पंधराव्या शतकातच राजाज्ञेने मान्य झाला होता. सगळं खरं. पण जुना शेतकरी आपल्याच डुकराचं, आपल्याच घरी खारवलेलं मांस, आपल्याच चाकूने कापून खात होता. ते खारट झालं तर कोणाला बोलायचं हे त्याला नेमकं माहीत होतं, आणि तो बोलतही असेल. तिथे फळी ही निव्वळ फळी होती. आणि जुन्या परंपरांवर फार विसंबूही नये. इंग्लंडच्या पबमध्ये पाव, चीज, कांदा आणि लोणचं असं ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगऱ्याचं जेवण मिळतं आणि ते वेदकाळापासून चालत आल्यासारखं वाटतं. हे पदार्थ लोक पूर्वीही एकत्र खात होते, यात वाद नाही. पण युद्धकाळापासूनचं रेशनिंग १९५४ मध्ये संपल्यावर चीजचा खप वाढावा म्हणून चीज ब्युरो या संस्थेने पबमधून या जेवणाचा प्रचार केला, आणि साठीच्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डाने तो देशभर नेला. म्हणजे पबच्या मालकाला स्वयंपाकी ठेवायला नको, आणि थाळी रूक्ष वाटलीच तर दोष कोणाचा? त्या बिचाऱ्या नांगऱ्याचा. त्याची आवडच तशी साधी होती.

याहून वजनदार आक्षेप निवडीचा आहे. शिजवलं नाही म्हणून काय झालं, हे चीज घ्यावं आणि ते घेऊ नये हे तर यजमानानेच ठरवलं, मग तो जबाबदार नाही कसा? दिसायला हे बिनतोड आहे. पण पाहुणा काय विचारतो ते ऐकावं. आमटीला तो विचारतो, ‘कशी केलीत?’ फळीला विचारतो, ‘कुठून आणलंत?’ वस्तू चांगली निघाली तर यजमान दुकानाचं नाव असं सांगतो की त्या दुकानाचा शोध त्यानेच लावला. वाईट निघाली तर ‘दुकानदाराने फारच आग्रह केला’ म्हणतो. निवडीचा नफा त्याच्या खात्यात जातो आणि तोटा दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. शिवाय प्रत्येक गोष्ट तीन-तीन का, याचाही उलगडा इथे होतो. तिघांपैकी एक प्रत्येकाला आवडतंच, आणि उरलेली दोन इतरांसाठी होती असं मानायला प्रत्येक जण मोकळा असतो. बटाट्याच्या भाजीला ही सवलत नाही. मग नदी आणि गुलाब कशासाठी, या मघाच्या प्रश्नाचाही निकाल लागतो. चवीसाठी काहीच केलेलं नसल्यामुळे, काहीतरी केलं आहे हे दिसणं भाग पडतं. मेहनत दिसावी, पण ज्या जागी चूक काढता येते त्या जागी मात्र ती नसावी. याचा पुरावा २०२३ मध्ये अमेरिकेतल्या तरुण मुलींनी आपण होऊन दिला. एकटीने खायला पाव, चीज, द्राक्षं असं बशीत काढून घ्यायचं आणि त्याला जेवण म्हणायचं, अशी ‘गर्ल डिनर’ची टूम निघाली. जिन्नस जवळजवळ तेच. पण पाहुणा नव्हता, त्यामुळे गुलाब करायची गरज कोणाला भासली नाही. त्याआधी २०२२ मध्ये लाकडावर लोणी थापून पाहुण्यांनी ते पावाने निपटून खायचं, अशी लोण्याची फळीही येऊन गेली. यजमानाची जबाबदारी थापण्यापुरती आणायची म्हटलं तर याच्यापुढे जायला फारशी जागा नाही.

आता घरचा आक्षेप. दिवाळीच्या फराळाचं ताट वेगळं काय असतं? तेही आधी केलेलं, बरंचसं कोरडं, डब्यांतून काढून मांडलेलं, आणि पाहुण्याने हवं ते उचलून खायचं. मांडणीपुरतं साम्य शंभर टक्के आहे, आणि म्हणूनच फरक स्पष्ट दिसतो. चकली मऊ पडली तर भाजणीपासून चौकशी सुरू होते. अनारसा तुपात हसला, बेसनाचा लाडू बसला, करंजीचं तोंड उघडलं, तर प्रत्येक अपघाताला एक नाव असतं आणि ते नाव स्वयंपाकघरातच राहत असतं. फराळाच्या ताटाइतकी कडक तपासणी पार्माच्या मांडीचीही होत नसेल. तिथे फक्त हुंगतात. आपल्या लोकांनाही यातून सुटका हवी होतीच. विकतचा फराळ मांडणारा यजमान ताट खाली टेकायच्या आत ‘बाहेरून मागवलंय हं’ म्हणून टाकतो, ते याचसाठी. वृत्ती तीच, लाकूड तेवढं अजून आलेलं नाही. गोव्याकडे मात्र फळीवर ठेवण्याजोगा अस्सल माल आहे असं कोणी म्हणेल. चोरीस आहे ना! डुकराचं मांस, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण, मसाले, सगळं आतड्यात भरून वाळवलेलं; पावसाळ्याच्या बेगमीत, पुरुमेंतात, त्याच्या माळा दिसतात. पण चोरीस सलामीसारखं कच्चं कापून खात नाहीत. ते कांदा-बटाट्याबरोबर शिजवून पावाशी खायचं असतं. म्हणजे चूल आली, कढई आली, आणि तिखट किती झालं याचा जाबही आला. यजमानाला मोकाट सोडायला गोव्याचं डुक्कर तयार नाही.

जबाबदारीचं एक खातं मात्र फळीलाही बंद करता आलेलं नाही, आणि ते घड्याळाचं आहे. फ्रिजमध्ये ठेवायचे पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर राहू नयेत, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर गेली तर एका तासाहून जास्त नाही, असं अमेरिकेचं कृषिखातं बजावतं. मऊ चीज तर खाण्याआधी तासभर बाहेर हवं. म्हणजे एका सल्ल्याने दुसऱ्याचा अर्धा वेळ खाल्ला. गरोदर पाहुणीला कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि थंड मांस लिस्टेरिया जंतूंमुळे वर्ज्य, हेही आधी विचारून ठेवावं लागतं. पण दोन तास झाले म्हणून रंगात आलेल्या गप्पांतून उठून फळी उचलून नेणारा यजमान कोणी पाहिला आहे? मुंबईत ही हौस करणाऱ्यांनी तर फळीआधी एसीकडे लक्ष द्यावं.

आणि शेवटी शाकाहारी पाहुणा. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तो येतोच, आणि त्याच्यासाठी फळीच्या मधोमध क्रॅकरचा बांध घातला जातो: अलीकडे चीज, पलीकडे सलामी. पाहुणा अलीकडे बसतो, पलीकडे बघतही नाही, आणि समाधानाने पार्मेजानोचा तुकडा तोंडात टाकतो. आता पार्मेजानो रेज्यानोच्या नियमांनुसार दूध नासवायला वासराच्या पोटातलं रेनेटच लागतं. भारतात चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायची सवय असलेल्या माणसाच्या मनात ही शंका येण्याचं कारण नाही. सांगावं तर संध्याकाळ बिघडते. न सांगावं तर ते पाप फक्त यजमानाच्या डोक्यावर बसतं. बँक, हातोडीवाला, सुईवाला, कोणीही ते वाटून घ्यायला येत नाही. काही यजमान दोन वेगळ्या फळ्या मांडतात. काही फक्त सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं चीज शोधत, भिंग घेऊन लेबलं वाचत हिंडतात. बाकीचे प्रत्येक चीजपुढे दात कोरायच्या काडीवर चिठ्ठी खोचतात आणि वाचणाऱ्यावर सोडून देतात. मग पाहुणा चिठ्ठी वाचतो आणि रेनेट म्हणजे काय ते विचारतो. एक जण वासरापासून सुरुवात करतो, दुसरा त्याला मध्येच दुरुस्त करतो, तिसरा आपल्याकडचं पनीर मात्र लिंबाने नासवतात हे सांगून सगळ्यांना धीर देतो, आणि चौथा फोनवर शोधून वाचून दाखवायला लागतो. चर्चा लांबते, जुलै महिना असतो, खिडकी उघडी असते, आणि तेवढ्यात ब्री पाघळून, क्रॅकरचा बांध ओलांडून सलामीच्या नदीला जाऊन मिळालेलं असतं. हा दोष अर्थात हवामानाचा.